रिकाम्या गाडीची थरथर

आमच्या मोठ्या गाडीला हिवाळ्यात थरथर सुटली, आणि तीही फक्त माझ्या हातात. दुसरं कुणी चालवायला बसलं की गाडी शहाण्यासारखी चालायची. त्यामुळे घरात पहिल्या आठवड्यातच निकाल लागला होता की दोष गाडीत नाही, माझ्यात आहे.

थरथर कशी ते आधी सांगते. सिग्नल सुटला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडून ॲक्सिलरेटर दाबला की पाठीमागून, सीटच्या खालून, फरशीवरून लोखंडी खाट ओढत नेल्यासारखं व्हायचं. गाडीने वेग धरला की गप्प. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात दाबलं तर पुन्हा तेच. पाय उचलला की लगेच बंद. इंजिनाच्या आवाजात मात्र काही फरक नाही. स्टिअरिंगला धक्का नाही. जे काही व्हायचं ते पाठीला कळायचं.

गाडी डिझेलची, सात जणांची, इंजिनाची ओढ मागच्या चाकांना. माझे यजमान आणि माझे दीर अशा दोघांनी मिळून घेतलेली. दीर खालच्या मजल्यावर राहतात. किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला असते आणि ज्याला लागेल तो नेतो. खरं म्हणजे सगळ्यांत जास्त मीच नेते. विंचूरच्या अलीकडे माझ्या नणंदेची बेदाण्याची शेड आहे. तिच्याकडून मी बेदाणा आणते, घरी निवडून छोट्या पिशव्या भरते आणि नाशिकच्या दुकानांना देते. आठवड्यातून तीन फेऱ्या. सकाळी रिकामी गाडी घेऊन जायचं, मागच्या सीट पाडून खोकी भरायची, संध्याकाळपर्यंत परत.

गाडी चालवायला मी शिकले चाळिशी ओलांडल्यावर, मुलं शिकायला बाहेर गेली तेव्हा. शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, "मॅडम, तुम्हाला भीती वाटत नाही हाच प्रॉब्लेम आहे." त्यानंतर इतकी वर्षं झाली, एक आरसा आणि एक कुंडी सोडली तर कशालाही धक्का लावलेला नाही.

चांदोरीला मात्र थोडक्यात वाचले. पेट्रोल पंपावरून बाहेर पडून रस्ता ओलांडायचा होता. डावीकडून कांद्याचा ट्रॅक्टर सावकाश येत होता, उजवीकडून एसटी बरीच लांब होती. मी निघाले. मध्यावर पोचते तोच गाडी इतकी थरथरली की पाय आपोआप वर आला, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध रेंगाळली. एसटी करकचून थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि मला खरोखरच विचारायचं होतं की असं का होत असेल. यजमानांनी घास खाली ठेवला.

"आता एकटी जायचं नाही," ते म्हणाले. "ड्रायव्हर बघतो."

"गाडीत काय बिघाड आहे ते तरी बघू."

"बघितलंय. मी परवा संध्याकाळी शिलापूरपर्यंत नेऊन आणली. लोण्यासारखी चालते. तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस."

"नाही ठेवत."

"ठेवतेस, तुला कळत नाही. अगं, बस थांबली म्हणून. नसती थांबली तर?"

त्यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांकडचा ड्रायव्हर एक तारखेपासून मोकळा होणार होता. त्याला यायला सांगूनही झालं.

ड्रायव्हर येणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्याच इमारतीत दोघी जणी आहेत. एकीचा गुडघा दुखत होता म्हणून, दुसरीचा चष्मा बदलला म्हणून, तात्पुरता ड्रायव्हर ठेवला. आता दोघी मागच्या सीटवर बसतात आणि त्याच्या जेवणाची वेळ सांभाळून बाहेर पडतात. या वयात किल्ली हातातून गेली की परत येत नाही. शिवाय शेडवर मी नणंदेशी मालावरून हुज्जत घालते, हिरवा बेदाणा वेगळा काढून मागते. ते सगळं कुणी दाराशी उभं राहून ऐकणार, आणि संध्याकाळी घरी सांगणार. म्हणून एक तारखेच्या आत ही थरथर कशाची ते शोधायचं, असं मी ठरवलं. आणि हेही खरं की मला उत्सुकता होती. एखादी वस्तू एकाच माणसाच्या हातात बिघडते, असं कसं होईल?

तोपर्यंत गाडी एकदा मिस्त्रीकडे जाऊन आली होती. आमचा मिस्त्री आडगाव नाक्याजवळचा, मूळचा निफाडकडचा. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला, इंजिनाखालची रबरं बदलली. थरथर तशीच. मग रविवारी ट्रायल ठरली. आमच्याकडे ट्रायल म्हणजे सगळं घर निघतं. गाडी मिस्त्रीने चालवायची, शेजारी यजमान, मधे दीर आणि जाऊबाई, मागे मी. येताना मिसळ खायची, हे न ठरवताच ठरलेलं. मिस्त्रीने हायवेवर गाडी दामटली, थांबवली, पुन्हा दामटली. काही नाही.

"छान चाललीय की," जाऊबाई म्हणाल्या.

दीर म्हणाले, "डिझेलमध्ये भेसळ असणार. तुमच्या त्या निफाडकडच्या पंपावर भरत जाऊ नका, वहिनी."

मिस्त्री आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, गाडीत काय नाय. साहेब म्हणतात तसं क्लचवर पाय राहत असेल तुमचा. लय लेडीजचा राहतो."

"लय जेन्ट्सचा राहत नाही का?" मी विचारलं.

"त्यांचा पण राहतो," तो म्हणाला. "पण ते विचारायला येत नाय."

मिसळ चांगली होती. थरथर तिथेच राहिली.

सोमवारपासून मी एकेक कारण घेऊन खोडायला लागले. आधी क्लच, कारण तो माझ्यावर आरोप होता. शिलापूरच्या पुढे मोकळा रस्ता मिळाल्यावर डाव्या पायातली चप्पल काढली, दुसरा गिअर पडल्यावर पाय क्लचपासून लांब, सपाट जमिनीवर ठेवला आणि ॲक्सिलरेटर दाबला. थरथरली. पाय कुठे आहे ते वाकून बघितलं. जमिनीवरच होता. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मग डिझेल. टाकी जवळजवळ रिकामी होऊ दिली आणि घराजवळच्या पंपावर भरली. तेच.

मग थंडी. हे कारण नणंदेचं होतं. निफाडकडे पहाटे द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठतं, तिथे गाडी कुडकुडली तर नवल काय, असं तिचं म्हणणं. मी सकाळी गाडी आमच्या गेटपाशी चालू ठेवून चहा प्यायले, तापमानाचा काटा मध्यावर आला, इंजिन चांगलं तापलं, मग निघाले. गल्लीच्या वळणावरच थरथरली. थंडीही गेली.

आता कारणं संपली होती. त्या दिवशी खोकी भरून परत येताना ओढा गावाच्या सिग्नलला थांबले, निघाले, आणि लक्षात आलं की काहीच झालं नाही. मागच्या फेऱ्या आठवून बघितल्या. चांदोरीचा प्रकार जाताना झाला होता. सिग्नलला, वळणावर, चढावर, जेव्हा जेव्हा झालं तेव्हा मी जात होते. येताना कधीच नाही. इतके दिवस मी थरथर होते तेव्हाच विचार करत होते. नसते तेव्हा, साहजिकच, पुढच्या कामाचा विचार करत होते.

पुढच्या फेरीला शेडवर पोचले ती खोकी न भरता तशीच उलटी फिरले आणि नाशिकच्या दिशेने दोन-तीन किलोमीटर गेले. थरथरली. म्हणजे दिशेचा प्रश्न नव्हता. परत शेडवर आले, खोकी भरली, पुन्हा त्याच रस्त्याला तेवढंच अंतर गेले. गाडी गप्प. परत आले.

नणंद दारात उभी होती. "वहिनी, काही हरवलंय का?"

"सापडलंय बहुतेक."

"काय?"

"वजन असलं की थरथरत नाही."

ती हसायला लागली. "माझ्या सुनेला सांग. डाएट करतेय ती."

त्या संध्याकाळी मी खोकी उतरवली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, भरल्या गाडीने गल्लीला चक्कर मारली. काही नाही. आता शंका उरली नव्हती. यजमान दाढी करत होते, त्यांना दारातून सांगितलं.

"रिकामी असली की थरथरते, भरली की नाही."

"उलटं असतं," आरशात बघत ते म्हणाले. "ओझं पडलं की गाडी कुरकुरते. रिकामीला काय ओढायचंय?"

"तुम्ही त्या संध्याकाळी चालवलीत तेव्हा मागे खोकी होती. सकाळी उतरवली आपण."

त्यांचा हात थांबला. "आणि रविवारी?"

"रविवारी आपण पाच जण होतो. तीन मागे. या घरात एकटं, रिकाम्या गाडीत, फक्त मी बसते."

गालावरून ब्लेड फिरवत ते म्हणाले, "ठीक आहे. मिस्त्रीला दाखव. पण एक तारखेला तो येतोय, हे लक्षात ठेव."

मी खोकी उतरवून घेतली आणि एकटीच आडगाव नाक्यावर गेले.

मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "वजनानं बिघडणारी गाडी रोज येते, ताई. वजनानं बरी होणारी मी पाहिली नाय."

"मग बघा. शेजारी बसा. फक्त तुम्ही."

तो बसला. मी सर्व्हिस रोडला गाडी घेतली आणि दाबली. खाट फरशीवरून गेली. मिस्त्री पाठ टेकून बसला होता तो ताठ झाला. मग खाली वाकला.

"पाय कुठे हाय तुमचा?"

"तुम्हीच सांगा."

"जमिनीला हाय," तो म्हणाला. "परत दाबा." मी दाबली. "परत." मी दाबली. तो आता माझ्याकडे बघतच नव्हता, मान मागे वळवून डिकीकडे बघत होता.

गॅरेजवर परतल्यावर त्याने शेजारचा बॅटरीवाला, त्याच्या पलीकडचा सीट कव्हरवाला आणि स्वतःचा भाऊ अशा तिघांना हाक मारली. "या रे, मागं बसा."

"कुठं जायचंय?" बॅटरीवाल्याने विचारलं.

"कुठं नाय. नुसतं बसायचंय."

"काम काय पण?"

"वजन."

"मग याला एकट्याला बसव," सीट कव्हरवाला बॅटरीवाल्याकडे बोट दाखवत म्हणाला. "हा आमच्या दोघांच्या बरोबर हाय."

"तू बस आधी. कव्हर कुणी फाडलं तर तुलाच काम."

तिघेही मागे चढले. मी निघाले. काही नाही. मिस्त्री म्हणाला, "एक उतर." भाऊ उतरला. अगदी बारीक कंप आला. "अजून एक." सीट कव्हरवाला कुरकुरत उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आता स्पष्ट आली. बॅटरीवाला म्हणाला, "मी पण उतरतो, गाडीला माझं काय पटेना." तो उतरला आणि पूर्वीसारखी सगळी थरथर परत आली. रस्त्यावर तिघे जण लांबलांब उभे, आणि आम्ही त्यांना एकेक करून गोळा करत मागे आलो. भाजीच्या गाड्यावरचा माणूस हातातली मेथीची जुडी तशीच धरून बघत होता.

मिस्त्री उतरल्यावर थोडा वेळ बॉनेटला टेकून उभा राहिला. "मागं कोण बसलंय ते इंजिनाला कळत नाय," तो म्हणाला. "मागच्या ॲक्सलला कळतं. आपण उगाच पुढं शोधत होतो."

गाडी रॅम्पवर चढली. त्याने बॅटरी लावून वर बघितलं आणि मला बोलावलं. मीही वाकून आत गेले. इतकी वर्षं गाडी चालवते, खालून पहिल्यांदाच बघत होते. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत लोखंडाचा एक लांब दांडा जातो. तो फिरतो म्हणून चाकं फिरतात. चाकं रस्त्याप्रमाणे वरखाली होतात, म्हणून त्या दांड्याला मनगटासारखे सांधे असतात. मिस्त्री त्या सांध्याला क्रॉस म्हणतो. मनगट सरळ ठेवून स्क्रू पिळला तर सहज फिरतो, मनगट वाकडं ठेवून पिळला तर फिरतो पण अडखळत. आमच्या गाडीचं मनगट वाकडं झालं होतं. शेजारी दुसरी गाडी उभी होती, तिच्याखालीही मी बघितलं. तिचा दांडा बराच सरळ होता, आमचा मागच्या बाजूला तिरका उतरलेला.

"मागचा भाग वर उचललेला हाय," मिस्त्री म्हणाला. "माल भरला की खाली बसतो आणि दांडा सरळ होतो. रिकामी असली की वाकडा."

"कुणी उचलला?"

त्याने बॅटरीचा झोत मागच्या स्प्रिंगवर टाकला. स्प्रिंगच्या खाली जाड, काळी, नवीकोरी कडी होती. दोन्ही बाजूंना. "हे कंपनीचं नाय," तो म्हणाला. "मी पण नाय घातलं."

मी तिथूनच दिरांना फोन लावला.

"भाऊजी, गाडीच्या मागच्या स्प्रिंगखाली काही घातलंय का तुम्ही?"

"घातलंय की. दिवाळीनंतर. तुमच्या खोक्यांनी मागून पार बसायची हो. गेटच्या गतिरोधकाला रोज घासायची. द्वारका चौकात एक जण चांगलं काम करतो, त्याच्याकडून घालून घेतलं. आता बघा कशी ताठ उभी असते."

"सांगितलं नाहीत."

"त्यात सांगायचं काय? हवा भरली तर सांगतो का मी?"

"रविवारी ट्रायलला होतात तुम्ही."

"वहिनी, ट्रायल इंजिनाची होती."

यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. गाडी दोघांची. ज्याला जे दिसलं ते त्याने नीट करून टाकायचं, ही आमच्या घरातली पद्धत. मीही मागे त्यांना न विचारता वायपर बदलले होते. शिवाय त्यांनी केलं ते माझ्याच खोक्यांसाठी. फक्त मागून कुणी काय केलंय ते पुढून कुणाला माहीत नव्हतं.

"पण दिवाळीनंतर घातलं," मी मिस्त्रीला म्हणाले. "थरथर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सुरू झाली. असं का?"

त्याने दांडा हातात धरून हलवला. सांध्यात कट् असा आवाज आला. "वाकडा फिरून फिरून क्रॉस झिजला. आणि मधलं रबर बघा, चिरलंय. आधी सहन केलं तिनं, मग बोलायला लागली. कडी काढतो, क्रॉस आणि रबर नवीन टाकतो. संध्याकाळी न्या."

"आधी फक्त कडी काढा. मग एक चक्कर मारू. बाकीचं नंतर."

"ताई, सगळं करायचंच हाय. मग वेगळं वेगळं कशाला?"

"कशाने किती जातं ते बघायचंय मला."

त्याने भावाकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "कर बाबा. नायतर त्या परत माणसं उतरवतील."

कडी काढली. चक्कर मारली. बरीचशी गेली, पण थोडी उरली. जोरात दाबलं की पाठीला हलकेच कळायची. मग क्रॉस आणि रबर बदललं, पुन्हा चक्कर. गाडी गप्प. सर्व्हिस रोडला मी तीनदा थांबून तीनदा निघाले. मिस्त्री शेजारी बसून म्हणाला, "झालं ना आता?" मी म्हटलं, झालं. तरी गाडी थांबवून त्याला चालवायला दिली, मी शेजारी बसले. तरी काही नाही. मग पटलं.

घरी दिरांना कडी परत दिली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "मग तुमची खोकी? परत बसणार की गाडी."

"कमी भरीन."

"म्हणजे फेऱ्या वाढणार," यजमान म्हणाले.

"तीनाच्या चार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्यावर कमी दिसावं म्हणून ड्रायव्हरची व्यवस्था केली होती, आणि निघालं ते असं. ते म्हणाले, "उद्या मी येतो बरोबर. सकाळी. रिकामी गाडी. तूच चालव."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला उशिरा जाणार म्हणून कळवून बरोबर आले. शिलापूरपर्यंत त्यांची नजर माझ्या डाव्या पायावर होती. मी पाय सपाट ठेवून बसले. ओढ्यापाशी त्यांनी नजर उचलली आणि बाहेर द्राक्षबागांकडे बघायला लागले. चांदोरीला मी त्याच पंपावर गाडी घातली, काच पुसून घेतली आणि त्याच जागी बाहेर पडायला उभी राहिले. उजवीकडून टेम्पो येत होता, लांब. यजमानांनी दाराच्या वरचा दांडा धरला. मी निघाले. गाडी सरळ, एका दमात रस्ता ओलांडून गेली.

बरंच पुढे गेल्यावर त्यांनी हात खाली घेतला. "टेम्पो लांब होता," ते म्हणाले.

"एसटीही लांबच होती."

त्यांनी खिशातून फोन काढला. ऑफिसातल्या त्या गृहस्थांना लावला आणि सांगितलं की ड्रायव्हरची सध्या गरज नाही. सध्या हा शब्द मी ऐकला. ते फोन ठेवून म्हणाले, "शेडवर चहा मिळेल ना?" मी म्हटलं, मिळेल.

त्याला आता महिना झाला. आठवड्याला चार फेऱ्या होतात. गाडी मागून थोडी बसते, गेटच्या गतिरोधकावर मी ती तिरकी घेते. थरथर परत आलेली नाही. मात्र मधे एकदा निफाडच्या पुढे मोकळ्या रस्त्याला ऐंशीच्या आसपास पोचले तेव्हा पुढून एक बारीकशी गुणगुण ऐकू आली. नव्वदीला गेली, ऐंशीला परत आली. भरली असो की रिकामी, सारखीच. म्हणजे हे प्रकरण वेगळं आहे. मला टायरचा संशय आहे. मिस्त्रीला सांगून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघायची आहेत. आवाज जागा बदलतो का ते कळेल.

घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कारण सापडलं की सांगेन.